रिकामी परत येणारी वाटी

सिस्टरांनी मला नाताळच्या जेवणाला कधीच बोलावलं नाही. मी त्यांच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो, अजूनही राहतो. जेवण खालच्या अंगणात व्हायचं. मटणाच्या रश्शाचा वास जिन्याने वर यायचा आणि आमच्या दोन खोल्यांत संध्याकाळपर्यंत मुक्काम करायचा. मी कठड्याला टेकून पंगत पाहत उभा राहायचो. सिस्टर खालून हात हलवायच्या, प्रकृतीची चौकशी करायच्या, पुढच्या पानावर वाढायला वळायच्या. 'या जेवायला' हे शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधी निघाले नाहीत.

यात माझा अपमान नव्हता. तो त्यांचा नियम होता. जो आपल्याला परत जेवायला बोलावू शकतो, त्याला जेवायला बोलवायचं नाही. शुभवर्तमानात प्रभूने तसं स्पष्ट सांगितलं आहे, असं त्या म्हणत. मेजवानी करशील तेव्हा सुखवस्तू शेजाऱ्यांना आणि नातलगांना बोलावू नकोस, ते फेड करतील. ज्यांच्यापाशी फेडायला काही नाही त्यांना बोलाव. पुष्कळ भले लोक हे ऐकतात, मान डोलावतात आणि नाताळला मेहुण्याला बोलावतात. सिस्टर नोकरीभर नर्स होत्या. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध जसं द्यायचं, तसंच हे वाक्य त्या पाळत: लिहिलंय तेवढंच आणि लिहिलंय तसंच.

त्यामुळे चर्चच्या पाळकसाहेबांनाही बोलावणं नसे. ते हसतमुख गृहस्थ होते. बायको माहेरी गेली तर तेवढ्यापुरता मी पात्र ठरतो का, असं ते दर डिसेंबरात विचारत. सिस्टर गंभीरपणे विचार करून सांगत, "नाही ठरत. तुमच्याकडे गॅस आहे अन् तुम्हाले पोहे येतात."

माझी बायको मूळची या भागातली, बोलण्याने वऱ्हाडी आणि पाहुणचारात हट्टी. आम्ही शेगावला नव्याने राहायला आलो, मी कॉलेजच्या ग्रंथालयात लागलो होतो, तेव्हा पहिल्याच सणाला तिने सिस्टरांकडे वाटीभर श्रीखंड दिलं. वाटी तिच्या माहेरची, बुडाशी तिच्या वडिलांचं नाव कोरलेली. आपल्याकडे वाटी रिकामी परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. सिस्टरांनी ती घासली, पुसली, उन्हात वाळवली आणि लखलखीत, रिकामी वाटी वर आणून दिली. श्रीखंड चांगलं झालं होतं, म्हणाल्या. आणि बायको वाटीत पाहते आहे हे बघून पुढे म्हणाल्या, "पाहून काय राह्यली? रिकामीच आहे. मी फेड करत नसते. दिलं की दिलं. त्याचं दुकान नाही मांडत आपण."

बायको दिवसभर कोणाशी बोलली नाही. पण हरलीही नाही. पुढच्या सणाला तीच वाटी भरून खाली गेली आणि रिकामी वर आली. मग हे चालूच राहिलं. त्या वाटीचं भरून जाणं आणि रिकामं येणं आमच्या घरात कॅलेंडरासारखं झालं. आम्ही सिस्टरांना जेवायलाही बोलवायचो. त्या आनंदाने यायच्या, पोटभर जेवायच्या, भाजीत काय कमी पडलं ते सांगायच्या आणि परतीच्या बोलावण्याचं नावही न काढता जिना उतरायच्या.

त्यांच्या अंगावर कायम पांढरी सुती साडी असे, पायात कॅनव्हासचे बूट आणि काखेत पुरुषी काळी छत्री, ऊन असो वा नसो. लग्न केलं नव्हतं. पहाटे त्या अंगणात सडा टाकताना मोठ्याने गीतं म्हणायच्या आणि ती बेसूर असायची. गीत संपलं की देवाशी बोलायच्या. ती प्रार्थना नव्हे, सरळ झाडाझडती असे. "काल त्या म्हातारीले ताप काऊन आला? मी काय सांगतलं होतं तुले?" अशा आवाजात त्या आकाशाकडे पाहून विचारत की समोरचा दूधवाला आपल्यालाच विचारलं असं समजून दचके.

आणि एक सवय फार विलक्षण. कोणाशीही बोलताना त्या त्याचं मनगट धरायच्या. नमस्कार, चमत्कार काही नाही; आधी नाडी. दुसऱ्या हातातलं घड्याळ पाहत त्या बोलत राहायच्या. तहसीलदार असो, चपला शिवणारा असो, बोटं झडलेला महारोगातून बरा झालेला माणूस असो. ज्यांना वर्षानुवर्षं कोणी हात लावलेला नसतो, अशा माणसांचे चेहरे ती तीन बोटं मनगटावर टेकल्यावर कसे होतात ते मी पाहिलं आहे. मी पुस्तकांत वाढलेला माणूस. पण त्या चेहऱ्यांबद्दल लिहिण्याजोगं वाक्य मला अजून सापडलेलं नाही.

नाताळची पंगत ही याच मनगटांची. दर्शनाच्या गर्दीत मुलाने स्टेशनवर बसवून ठेवलेली आणि मग न्यायला कोणी न आलेली एक आजी. तिच्या गळ्यात माळ, म्हणून तिचं वरण वेगळ्या पातेल्यात. गावाबाहेरच्या बेड्यावरचं, त्यांच्या वस्तीवरचं, एक पारधी जोडपं; गावात कुठे काही चोरीला गेलं की पोलीस आधी यांच्याकडे जात आणि सिस्टर पोलिसांच्या मागोमाग. आणि गौरी.

गौरी वरवट बकालकडची. साडी नेसायला लागली तेव्हा घरच्यांनी तिला बाहेर काढलं, हे तिने एकदा जिन्याच्या पायरीवर बसून, शेंगा सोलता सोलता सांगितलं होतं, जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट. ती गाड्यांमधून टाळ्या वाजवत पैसे मागायची. उंच, ठसठशीत, आवाज असा की डब्याच्या या टोकाचं त्या टोकाला ऐकू जावं. नाताळच्या जेवणात पान सर्वांत आधी तिचं मांडलं जायचं. तेवढं एकच घर होतं जिथे तिला नावाने बोलावणं जाई, आणि ती त्या दिवसासाठी नवी साडी राखून ठेवायची.

गौरीला खोली मिळवून द्यायची, हे सिस्टरांनी मनावर घेतलं तेव्हाची गंमत सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. स्टेशनच्या मागे सायकल दुरुस्तीचं दुकान असलेला एक विधुर होता. त्याच्या घराची मागची खोली रिकामी होती. त्याने सरळ नाही म्हटलं, लोक काय म्हणतील म्हणून. दुसऱ्या सकाळी सिस्टर दुकानात गेल्या, त्याचं मनगट धरलं आणि चेहरा गंभीर केला. नाडी जोरात आहे, म्हणाल्या. तिसऱ्या सकाळी पुन्हा. रोज तेच. त्याने घाबरून खरा डॉक्टर गाठला. डॉक्टरने काही नाही म्हणून परत पाठवला. तरी सिस्टर मनगट सोडेनात. शेवटी त्याने काकुळतीला येऊन विचारलं, मला झालंय तरी काय?

"मनावर ओझं आहे बाप्पा तुह्या," सिस्टर म्हणाल्या. "रिकाम्या खोलीचं असते कवा कवा."

त्याने किल्ली काढून दिली. पुढे तो हे सगळ्यांना स्वतःच हसत सांगे. गौरी राहायला आल्यावर नाडी खरोखर उतरली, अशी पुस्तीही जोडे.

आता खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण सिस्टरांच्या नियमाची परीक्षा त्या खोलीने घेतली.

दिवाळी होऊन गेली होती. गौरी आमच्या अंगणात आली, हातात पेढे. खोलीत गॅस आला, म्हणाली. सिस्टरांनी तिचं मनगट धरलं होतंच. मग गौरी म्हणाली की येत्या रविवारी सिस्टरांनी तिच्याकडे जेवायला यावं.

मी वर कठड्याशी होतो. सिस्टरांचं घड्याळाकडे पाहणं थांबलं, तेवढं मला दिसलं. नियम गौरीलाही पाठ होता. जी परत बोलावू शकते, तिचं नाताळचं पान बंद. पाळकसाहेबांना सूट नाही, मला नाही. मग हिला कशी द्यायची?

गौरीने ते स्वतःच बोलून दाखवलं. "मले ठाऊक आहे सिस्टर. पण जनमभर मी घेतच आली. गाडीत घेते, बजारात घेते, तुमच्या घरीबी घेते. माह्या हातचा एक घास कोणी खाल्ला नाही. नाताळाले नका बोलावू मंग. पण एक डाव माह्या घरी जेवा."

सिस्टरांनी मनगट सोडलं. पाहते, एवढंच म्हणाल्या. गौरी पेढे कट्ट्यावर ठेवून गेली. जाताना तिची चाल नेहमीची नव्हती.

त्या आठवड्यात सिस्टरांनी गीत म्हटलं नाही. सडा टाकताना फक्त देवाशी भांडण. तू सांगितलंस तेच मी करत आले, मग हे मध्येच काय आणलंस, असा एकूण सूर. बायको खिडकीशी उभी राहून ऐकायची आणि मला येऊन सांगायची. तिला वाटे, म्हातारी नाही म्हणणार. मला वाटे, हो म्हणाव्यात. पण मग नाताळच्या दिवशी गौरी नवी साडी नेसून कुठे जाईल, हे माझ्याही डोक्यातून जात नव्हतं. सिस्टर पाळकसाहेबांकडेही जाऊन आल्या. त्यांनी समजावलं की नियमाचा अर्थ एवढा ताणायचा नसतो. हे ऐकून त्या अधिकच चिडून परतल्या. औषध अर्धं द्यायचं असेल तर डॉक्टरने लिहावं तरी कशाला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

शनिवारी सकाळी त्या छत्री टेकत आमचा जिना चढून आल्या. मी वाचत बसलो होतो.

"पुस्तकवाले," त्या म्हणाल्या, "तुम्ही लई वाचता. माह्यं शास्त्रही वाचलं म्हणता. मंग सांगा, प्रभूनं कोणाले आपल्या घरी जेवाले बोलावलं होतं? त्याच्या पंगतीत कोण कोण होतं ते पाहू एकदा."

मी आठवू लागलो. डोंगरावर त्याने लोकांना भाकरी वाटल्या होत्या, पण ते घर नव्हे. शेवटचं जेवण झालं ती माडीही मागून घेतलेली. मी म्हटलं, "सिस्टर, मला आठवतं त्याप्रमाणे त्यांना घर नव्हतंच. ते दुसऱ्यांकडेच जेवायला जायचे."

सिस्टर दारातच खुर्ची ओढून बसल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडतात. त्या हसत होत्या, खोकला येईपर्यंत हसत होत्या. बायको पाणी घेऊन धावली.

"हाव नं," त्या म्हणाल्या. "घर कुठं होतं त्याले. जकात घेणाऱ्याच्या घरी जेवला, महारोग झाला होता त्याच्या घरी जेवला. ज्याच्या उंबऱ्यात कोणी पाय ठेवत नव्हतं, नेमका त्याच्याच घरी. अन् मी म्हातारी जनमभर यजमानीण होऊन बसली."

रविवारी त्या आम्हालाही बरोबर घेऊन निघाल्या. आम्हाला बोलावणं नव्हतं, हे मी दोनदा सांगून पाहिलं. पाहुणीबरोबर पाहुणे असतातच, हे त्यांचं उत्तर. बायकोने गौरीला आजवर दारातून पैसे दिले होते, तांदूळ दिले होते. घरात जाऊन जेवायचं म्हटल्यावर ती वाटभर मागे मागे चालत होती. सायकलवाला दारात आंघोळ करून, टोपी घालून, मुलीकडचा असल्यासारखा उभा होता. गल्लीतली माणसं आपापली कामं सोडून पाहत होती आणि पाहत नसल्याचं दाखवत होती.

खोली सारवल्यासारखी स्वच्छ. गौरीने भरीत केलं होतं, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्यांचं, वर कांद्याची पात. ज्वारीच्या भाकरी, ठेचा, शेवयांची खीर. एका माणसासाठी केलेला स्वयंपाक लग्नाला पुरला असता. ताट मात्र एकच, नवंकोरं, सिस्टरांसाठी घेतलेलं. आम्हाला पाहून गौरी गोंधळली. सायकलवाल्याने घरातून परात आणि दोन थाळ्या आणल्या. सिस्टरांनी डोळे मिटून चार शब्दांत देवाला सांगितलं की आज भांडण नाही, आणि पहिला घास घेतला.

गौरी बसली नव्हती. हातात पळी घेऊन, भिंतीला पाठ लावून सिस्टरांच्या तोंडाकडे पाहत होती. आम्हीही घास हातात धरून थांबलो होतो. सिस्टरांनी सावकाश चावलं, गिळलं.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

मग गौरीने पळी खाली ठेवली, पदर तोंडाला लावला, आणि हसू की रडू असा आवाज त्या पदरातून आला. "जनमात पहिल्यांदा," ती म्हणाली, "माह्या सैपाकाले कोणी नाव ठेवलं."

"मंग उभी काय राह्यली? मीठ आण, अन् बस माह्याजवळ. एवढं मोठं ताट मी एकटी काय करू?"

दोघी एका ताटात जेवल्या. माझ्या बायकोने न विचारता तिसऱ्यांदा भरीत वाढून घेतलं आणि वांगी कुठून आणली, कोणत्या शेतातली, याची चौकशी सुरू केली. ती एकदा वांग्यांवर आली की तिच्या मनातलं सगळं मळभ गेलेलं असतं. निघताना गौरीने सिस्टरांच्या हातात भरिताची वाटी दिली. दोन दिवसांनी ती वाटी परत गेली ती दाण्याच्या लाडवांनी शिगोशिग भरून. हे कळल्यावर बायको जिन्यातच उभी राहिली. "इतके वर्षं माह्या वाट्या चाटूनपुसून रिकाम्या आल्या, अन् हिची भरून?" सिस्टर खालून निर्विकारपणे म्हणाल्या की तुझ्या भरितालाही कधी एवढी चव येऊ दे, मग पाहू.

राहता राहिला नाताळ. नियम काही मोडला नव्हता. गौरी आता परत बोलावणाऱ्यांपैकी होती. नाताळच्या आधी सिस्टरांनी तिला निरोप धाडला तो जेवायला ये असा नव्हताच. सकाळी लवकर ये, मसाला वाटायचा आहे. गौरी नवी साडी नेसून आली आणि दिवसभर ती साडी खोचून चुलीपाशी राबली. कोणीतरी विचारलं, हिचं पान या वर्षी कुठे? सिस्टर म्हणाल्या, घरच्या माणसाला कोणी बोलावतं का? मी कठड्यावरून माझ्याबद्दल विचारलं. आम्ही पाहुण्यांत नाही की घरच्यांत नाही, मग कशात? "भाड्यात," त्या म्हणाल्या, आणि पंगत हसली.

गेल्या उन्हाळ्यात सिस्टर झोपेतच गेल्या. सकाळी सड्याचा आवाज आला नाही, म्हणून बायको खाली गेली. दफनाला पंगतीतली सगळी मनगटं आली होती. पाळकसाहेबांनी पेटी उचलायला चर्चच्या मंडळीतल्या प्रतिष्ठितांना पुढे बोलावलं नाही. पारधी, सायकलवाला आणि ते महारोगातून उठलेले गृहस्थ यांना बोलावलं. गौरीने गीत म्हटलं. ते सुरात होतं, म्हणून मला फार अपरिचित वाटलं.

त्यानंतर कित्येक महिने मी पहाटे जागा होऊन पडून राहत असे. देवाला जाब विचारणारं आता कोणी नाही, आणि त्याला ते कसं चालतं, असं मनात येई. मी फारसा श्रद्धावान नाही. पण एकदा बायको झोपेत असताना मी अंगणात उतरलो आणि आकाशाकडे पाहून दबक्या आवाजात त्यांची चौकशी केली. दूधवाल्याने मला पाहिलं. त्या दिवशी दूध थोडं जास्त घातलं.

नाताळच्या आधी गौरी वर आली. घर आता सिस्टरांच्या पुतण्याकडे आलं होतं आणि त्याने अंगण वापरायला होकार दिला होता. ती दारात उभी राहून म्हणाली, "यंदा मी करून राह्यली. पण सिस्टरचा नियम मले नाही जमत. माह्या पंगतीले जो येईन, त्यानं मले परत बोलावलं पाह्यजे. दादा, वहिनी, कबूल असंन तर या."

मी शब्द जुळवत होतो. बायकोने जुळवले नाहीत. "संक्रांतीले हळदीकुंकू आहे माह्याकडे," ती म्हणाली. "दुपारी ये. लवकर ये, गर्दी होते."

लोक गौरीकडून आशीर्वाद घेत, पैसे देत. हळदीकुंकवाला तिला आजवर कोणी बोलावलं नव्हतं. तिने फक्त मान हलवली आणि जिना उतरली, आणि शेवटच्या पायरीवर पोचल्यावर तिच्या त्या मोठ्या आवाजात विचारलं की साडी काळी नेसू का.

अशा रीतीने मी त्या पंगतीत बसलो. इतकी वर्षं वरून पाहिलेलं अंगण खालून फार मोठं दिसतं. आजी माझ्या डावीकडे, पाळकसाहेब उजवीकडे, तेही पहिल्यांदाच, आणि आपण काय परत करणार या काळजीत. आजीने सगळ्यांना बजावलं होतं की तिच्याकडे परतीला फक्त भजन आहे. रश्शातलं मीठ अगदी बेताचं होतं. तरी मी मोठ्याने म्हणालो, "मीठ कमी आहे." गौरीने पदर तोंडाला लावला.

संक्रांतीला ती आली, काळी साडी नेसून, सायकलवाल्याच्या सायकलवर मागे बसून. बायकांनी आधी एकमेकींकडे पाहिलं, मग बायकोने तिला कुंकू लावलेलं पाहिलं, मग सरकून जागा केली. निघताना बायकोने तिळाच्या लाडवांनी भरलेली वाटी तिच्या हातात दिली. तीच, माहेरचं नाव कोरलेली.

आता होळी जवळ आली. वाटी अजून परत आलेली नाही. बायको रोज मांडणीवरच्या रिकाम्या जागेकडे पाहते आणि म्हणते, घाई नाही.